सातपुड्याच्या पायथ्याचीं उन्हाळी वादळें व अवचित येणारे पूर

वऱ्हाडच्या शेतकऱ्यास पावसाची वाट पाहणें जसें अंगवळणीं पडलेलें आहे, तसेंच अवेळीं येणाऱ्या पावसाचें भय बाळगणेंही पडलेलें आहे. मृगाचा पाऊस लांबला तर पेरणी लांबते, हें संकट मोठें खरें. परंतु त्यांत विचार करावयास व दुसरी योजना आखावयास कांहीं दिवस तरी हातीं असतात. चैत्र-वैशाखांतील वादळाचें तसें नाहीं. सकाळीं निरभ्र असलेलें आकाश दुपारीं तीनच्या सुमारास काळवंडतें, आणि पांच वाजेपर्यंत खळ्यावरचा गहूं भिजून जातो, केळीची बाग आडवी होते, आंबिया बहाराचीं लहान फळें संत्र्याच्या झाडाखालीं पसरतात, आणि एखादे वेळीं झाडाखालीं बांधलेली बैलजोडीही प्राणास मुकते. वर्षभराच्या कष्टांचा निकाल दोन तासांत लागतो.

हे दोन तास आधीं ओळखतां येतात काय, व येत असल्यास कितपत, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांपुरता हा प्रश्न दुहेरी आहे. एक धोका आपल्या डोक्यावरच्या ढगाचा. त्यांत वारा, वीज व गारा येतात. दुसरा धोका आपल्या डोक्यावर नसलेल्या ढगाचा. उत्तरेस डोंगरावर पाऊस पडतो आणि इकडे कोरड्या शेताच्या कडेनें वाहणारा नाला एकाएकीं भरून येतो. पहिल्या धोक्याची आपणांस निदान चाहूल तरी लागते. दुसरा धोका मनुष्यास बेसावध असतांना गांठतो, व म्हणूनच तो अधिक घातक होय.

डोंगर व सपाटी

आपल्या मुलखाची रचना प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. उत्तरेस सातपुड्याची गाविलगड ही रांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. तिच्या दक्षिणेस पूर्णेचें काळ्या मातीचें सपाट खोरें आहे. अचलपूर समुद्रसपाटीपासून सुमारें १,२०० फूट उंचीवर, तर चिखलदरा सुमारें ३,६०० फुटांवर. परतवाड्याहून चिखलदऱ्यास जाणारा रस्ता जेमतेम ३० किलोमीटरांचा. पण तेवढ्या अंतरांत दोन हजार फुटांहून अधिक चढ चढावा लागतो. अर्थात् चिखलदऱ्यावर पडलेलें पाणी त्याच उतारानें खालीं येतें. चिखलदऱ्याचा वार्षिक पाऊसही अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट आहे.

या डोंगरांतून चंद्रभागा, सापन, शहानूर, वाण इत्यादि नद्या दक्षिणेकडे उतरतात व पूर्णेच्या खोऱ्यांत शिरतात. डोंगरांत त्यांचा उतार तीव्र आहे, तर पायथ्यापासून पुढें तो एकदम मंदावतो. म्हणून डोंगरांत पाणी धांवतें आणि सपाटीवर तें पसरतें. खुद्द पूर्णेचा उतार फारच अल्प आहे. ती फुगली म्हणजे तिला मिळणाऱ्या नाल्यांचें पाणी मागें तुंबतें व खारपाणपट्ट्यांतील शेतें पाण्याखालीं जातात. दक्षिणेकडून येणाऱ्या मोर्णा, काटेपूर्णा इत्यादि नद्यांचा उगम इतक्या उंच डोंगरांत नाहीं, तथापि त्याही थोड्या वेळांत भरतात, हें जुलै २०२१ मध्यें मोर्णेच्या पुरानें अकोला शहरास दाखवून दिलें.

वादळ कसें बनतें

वादळी ढग तयार होण्यास तीन गोष्टी लागतात: तापलेली जमीन, दमट हवा, आणि त्या हवेस वर ढकलणारें कांहींतरी निमित्त. पहिली गोष्ट वऱ्हाडास कधींच उणी पडत नाहीं. दुसरी मात्र बाहेरून यावी लागते. मार्चपासून मेपर्यंत विदर्भापासून मराठवाडा व कर्नाटकाच्या अंतर्भागावरून दक्षिणेकडे हवेच्या कमी दाबाचा एक लांबट पट्टा वारंवार तयार होतो. त्याच्या पूर्वेकडून बंगालच्या उपसागरावरचे दमट वारे व पश्चिमेकडून कोरडे उष्ण वारे येऊन एकमेकांस भिडतात. हवामान खात्याच्या पत्रकांत 'द्रोणीय रेषा' हा शब्द आढळला, कीं ती रेषा आपल्या जिल्ह्यावरून जात आहे काय, हें अवश्य पाहावें.

तिसरी गोष्ट, म्हणजे हवेस वर ढकलणें, हें काम डोंगर करतो. सकाळच्या उन्हानें गाविलगडचे दक्षिणाभिमुख उतार सपाटीच्या आधीं तापतात. त्यांवरील हवा हलकी होऊन उताराच्या अंगानें वर चढते व तिची जागा घेण्यास खोऱ्यांतली हवा डोंगराकडे ओढली जाते. म्हणूनच मे महिन्यांत पहिले ढग बहुधा डोंगरमाथ्यावर दिसतात, व सपाटीवर आकाश स्वच्छ असतें.

उन्हाळ्यांतील या ढगाचा तळ फार उंच असतो. हवेचें तापमान व दवबिंदु यांत जितक्या अंशांचा फरक, तितक्या पटीनें सुमारें १२५ मीटर उंचीवर ढगाचा तळ असतो, असा स्थूल हिशेब आहे. तापमान ४२ व दवबिंदु १८ असेल तर फरक २४ अंशांचा व तळ सुमारें ३,००० मीटरांवर. इतक्या उंचीवरून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेंत बराचसा वाटेंतच सुकतो. सुकतांना तो हवेस थंड व जड करतो, आणि ती जड हवा वेगानें खालीं कोसळून चहूंकडे पसरते. आपल्याकडे ज्यास वावधन म्हणतात, तें बहुतेक याच रीतीनें उत्पन्न होतें. पाऊस चार थेंब आणि वारा मात्र झाडें मोडणारा, असा अनुभव एप्रिलमध्यें वारंवार येतो, याचें कारण हेंच. ९ एप्रिल २०२३ रोजीं संध्याकाळीं अकोला जिल्ह्यांतील पारस येथें अशाच वादळांत मंदिराजवळच्या टिनाच्या शेडवर कडुनिंबाचें मोठें झाड कोसळलें. पावसापासून बचाव व्हावा म्हणून तिच्याखालीं उभे असलेल्या भाविकांपैकीं सात जण मरण पावले व अनेक जखमी झाले. पाणी पडूं लागलें कीं मनुष्य आडोसा शोधतो. परंतु त्या घटकेस पावसापेक्षां वारा व वीज अधिक भयंकर असतात, ही गोष्ट त्या दुर्घटनेनें सर्वांस शिकविली आहे.

गारांविषयींही दोन शब्द सांगितले पाहिजेत. मार्चमध्यें आकाशांत पाणी गोठण्याची पातळी मे महिन्यापेक्षां बरीच खालीं असते. त्यामुळें गारेस खालीं येतांना वितळण्यास अवधि कमी मिळतो. वऱ्हाडांत गारपिटीचा मोठा उपद्रव फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत होतो तो यामुळेंच. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधील व फेब्रुवारी २०१८ मधील गारपीट बहुतेक वाचकांच्या स्मरणांत असेल.

खात्याचा अंदाज काय सांगूं शकतो

आपल्या देशाचें हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें. पुण्यास शेतकी हवामानशास्त्राची शाखा १९३२ सालीं डॉ. रामदास यांच्या नेतृत्वाखालीं निघाली, आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठीं हवामानवार्ता नभोवाणीवरून देण्यास आरंभ झाला. तेव्हांपासून आजवर साधनें कितीतरी वाढलीं. परंतु कोणत्या साधनाकडून काय अपेक्षावें, हें न समजल्यामुळें पुष्कळांचा अंदाजावरचा विश्वास उडतो.

चार-पांच दिवस आधीं खातें एवढेंच सांगूं शकतें, कीं अमुक दिवसांत विदर्भांत वादळी हवा राहील. आदल्या दिवशीं जिल्ह्याचें नांव सांगतां येतें, व त्यास पिवळा, नारिंगी किंवा लाल रंग दिला जातो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारींत राहा, लाल म्हणजे ताबडतोब उपाय करा. परंतु जिल्हा म्हणजे हजारों चौरस किलोमीटरांचा प्रदेश, व एक वादळी ढग पांच-दहा किलोमीटर रुंदीचा. तेव्हां जिल्ह्यास इशारा असतां आपल्या शेतांत एक थेंबही पडला नाहीं, म्हणून इशारा खोटा ठरत नाहीं. ढग प्रत्यक्ष उभा राहिल्यावर मात्र पुढील तीन तासांची सूचना देतां येते, व ती तालुक्याच्या दृष्टीनें बरीच भरंवशाची असते.

ही तीन तासांची सूचना मुख्यतः रडारवर अवलंबून असते. नागपूरचें रडार अमरावतीपासून सरळ रेषेंत सुमारें १४० किलोमीटर व अकोल्यापासून सुमारें २२० किलोमीटर दूर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळें रडारचा किरण जसजसा दूर जातो तसतसा तो जमिनीपासून उंच होत जातो. किरण क्षितिजापासून अर्धा अंश वर रोखला असें धरलें, तर तो अमरावतीवर सुमारें सव्वादोन किलोमीटर व अकोल्यावर साडेचार किलोमीटरांहून अधिक उंचीवरून जाईल. म्हणजे अकोल्याच्या पश्चिमेस त्यास ढगाचा माथा व मध्य दिसेल, पण ढगाच्या तळाखालीं काय चाललें आहे तें दिसणार नाहीं. म्हणून नुसत्या यंत्रावर न विसंबतां शेतकऱ्यानें स्वतःचे डोळे उघडे ठेवावेत.

विजेकरितां पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें 'दामिनी' हें मोबाइल अ‍ॅप उपयुक्त आहे. आपल्यापासून २० व ४० किलोमीटरांच्या परिघांत वीज पडत असल्यास तें सावध करतें. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाकडून हवामानावर आधारलेला शेतीसल्ला मंगळवारीं व शुक्रवारीं प्रसृत होतो. अवचित येणाऱ्या पुरांसाठीं हवामान खात्यानें २०२० सालीं दक्षिण आशियाकरितां एक मार्गदर्शन-पद्धति सुरू केली. एखाद्या लहान पाणलोटांतील माती किती ओली आहे व आतां आणखी किती पाऊस पडला असतां नाला कांठोकांठ भरेल, याचा हिशेब मांडून ती सहा तास आधीं धोक्याची व चोवीस तास आधीं संभवाची सूचना देते. तत्त्व अगदीं साधें आहे, व तें शेतकऱ्यासही आपल्या नाल्यापुरतें लावतां येतें. तें पुढें पाहूं.

अक्षय्य तृतीयेस बुलढाणा जिल्ह्यांतील भेंडवळ येथें होणाऱ्या घटमांडणीचें भाकीत ऐकण्यास वऱ्हाडांतले शेतकरी जमतात. त्या परंपरेविषयीं येथें वाद घालण्याचें प्रयोजन नाहीं. तें भाकीत वर्षाविषयीं असतें. आज दुपारीं अकोटच्या उत्तरेस काय होईल, हें सांगण्याचा त्याचा उद्देशच नव्हे. दुपारच्या वादळाकरितां दुपारचेंच आकाश पाहिलें पाहिजे.

आकाशाच्या खुणा

सकाळीं उठतांच पहिली खूण अंगावर कळते. घाम सुकत नाहीं, मडक्यांतलें मीठ पाझरतें, गूळ चिकट होतो: याचा अर्थ दमट हवा आलेली आहे. त्याच वेळीं मधल्या उंचीवर किल्ल्याच्या तटावरील कंगोऱ्यांसारखे लहान लहान ढगांचे ओळीनें उंचवटे दिसले, तर वरची हवा अस्थिर आहे असें समजावें. असे ढग ऊन चढल्यावर विरून जातात, म्हणून कित्येक त्यांकडे दुर्लक्ष करतात. परंतु दुपारच्या वादळाची ती एक चांगली पूर्वसूचना आहे.

दुसरी खूण दुपारीं बारा ते एकच्या दरम्यान उत्तरेस पाहावी. डोंगरमाथ्यावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे, रेखीव कडांचे ढग उभे राहूं लागले व एकाच जागीं पाहतां पाहतां रुंदीपेक्षां उंचीनें अधिक वाढूं लागले, तर तीन वाजण्याच्या पुढें वादळ होण्याचा संभव फार. एक वाजेपर्यंत डोंगरावर ढग मुळींच नसेल, तर धोका पुष्कळसा कमी समजावा. नाहींसा मात्र समजूं नये, कारण पश्चिमेकडे दूर उठलेलें वादळ सायंकाळीं चालत येऊं शकतें.

तिसरी खूण म्हणजे ढगाचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरणें. रेखीव कडा जाऊन माथा कापूस पिंजल्यासारखा झाला, कीं त्या ढगांत वीज व पाऊस सुरू झाले असें निश्चित जाणावें. ऐरणीचें टोंक ज्या दिशेस लांबलें असेल, त्या दिशेस वरचा वारा वाहत असतो. मार्च-एप्रिलमध्यें वरचा वारा बहुधा पश्चिमेकडून जोरानें वाहतो, म्हणून वादळेंही पूर्वेकडे सरकत जातात. मेच्या अखेरीस वरचा वारा मंदावतो. तेव्हां ढग एकाच ठिकाणीं उभा राहून रिता होतो. ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. धांवणाऱ्या ढगापासून वाऱ्याचें भय, आणि उभ्या ढगापासून पाण्याचें भय.

चौथी खूण वाऱ्याची. दिवसभर वाहणारा उष्ण पश्चिम वारा एकाएकीं पडतो, पानही हलत नाहीं, आणि मग क्षितिजावर धुळीची भिंत उठते. थंड झोत अंगावर आला म्हणजे पावसास व विजेस फार तर पांच-दहा मिनिटें राहिलीं असें समजावें. त्या वेळीं शेतांतलें काम आवरण्याच्या मागें न लागतां स्वतःस व जनावरांस आवरावें.

पांचवी खूण रात्रीची. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांस तीननें भागावें. येईल तितके किलोमीटर वीज दूर आहे. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, व तेवढ्यावरून पुढची वीज आपल्यावर पडूं शकते. गडगडाट साधारणतः पंधरा-वीस किलोमीटरांपलीकडे ऐकूं येत नाहीं. चमक मात्र रात्रीं फार दुरून दिसते. म्हणून उत्तरेस डोंगरावर वीज नुसती निःशब्द चमकत राहिली, तर 'आपल्याकडे कांहीं नाहीं' असें म्हणून नाल्याच्या पात्रांत निजूं नये. ती चमक आपल्याच नाल्याच्या उगमावर असूं शकते.

लोंढ्याचा हिशेब

डोंगरांत पडलेल्या पावसाचा पूर कसा होतो, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. गाविलगडच्या उतारावर ५० चौरस किलोमीटर पाणलोटाचा एक नाला आहे, त्यावर दोन तासांत ८० मिलिमीटर पाऊस झाला, व त्यांतला निम्मा वाहून आला, असें समजा. एक चौरस किलोमीटरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. तेव्हां ४० मिलिमीटर पाणी ५० चौरस किलोमीटरांवरून वाहून आलें म्हणजे २०० कोटि लिटर झालें. तें तीन तासांत उतरलें असें धरलें, तरी नाल्यांतून दर सेकंदास सरासरी १ लाख ८५ हजार लिटर पाणी जाईल. ज्या नाल्यांत सकाळीं शेरडें चरत होतीं, त्याची ही अवस्था होय.

आतां वेळेचा हिशेब पाहूं. असें पाणी दर सेकंदास दोन ते तीन मीटर वेगानें, म्हणजे ताशीं सात ते अकरा किलोमीटर चालतें. डोंगराच्या पायथ्यापासून पंधरा किलोमीटर दूर असलेल्या गांवास पोंचण्यास त्याला दीड ते दोन तास लागतील. वादळ डोंगरावर सायंकाळीं पांच-सहाच्या सुमारास झालें, तर लोंढा गांवाजवळ रात्रीं आठ-नऊच्या सुमारास, म्हणजे अंधारांत येतो. हे दीड-दोन तासच आपला खरा अवकाश होय. डोंगरांतल्या मनुष्यानें सांगितलें तर तो अवकाश आपल्या हातीं येतो. न सांगितलें तर वायां जातो.

तथापि प्रत्येक वादळाबरोबर पूर येत नाहीं, हेंही सांगणें अवश्य आहे. एप्रिल-मेमध्यें काळी जमीन भेगाळलेली असते व पहिला पाऊस त्या भेगांतून खोल जातो. डोंगरावर मात्र मातीचा थर पातळ व खालीं काळा दगड. सागाचीं पानें गळून उतार उघडे पडलेले असतात. म्हणून उन्हाळ्यांतही डोंगरांतला नाला भरूं शकतो, परंतु सपाटीवर त्याचें पाणी बहुधा लौकरच ओसरतें. रोहिणी-मृगाच्या पुढें जमीन एकदां भिजली, भेगा मिटल्या, कीं काळी माती पाणी फारच सावकाश पिते. मग तोच पाऊस दुप्पट पाणी वाहून आणतो. म्हणून मेमधील ८० मिलिमीटर व जुलैमधील ८० मिलिमीटर यांची भीति सारखी मानूं नये. वर सांगितलेल्या खात्याच्या पद्धतीचें तत्त्व तें हेंच: किती पडलें एवढेंच न पाहतां कशावर पडलें हेंही पाहावें.

उन्हाळ्यांतील लोंढ्याचा विशेष दोष असा, कीं तो कोरडें पात्र वापरणाऱ्या माणसांवर येतो. नदीच्या पात्रांतील डांगरवाड्या, वाळूंत बसलेलीं जनावरें, पात्रांतून नेलेली पाण्याची मोटर व पाइप, हीं सर्व त्याच्या वाटेंत असतात. शिवाय वर्षाचा साठलेला पालापाचोळा व काटक्या तो बरोबर आणतो. त्यांनीं रस्त्याखालच्या मोऱ्या तुंबतात व पाणी रस्त्यावरून किंवा कडेच्या शेतांतून वाट काढतें.

पावसाळ्यांतील पुराचें सर्वांत भयानक उदाहरण आपल्या सरहद्दीवरच आहे. वर्धा नदी मध्य प्रदेशांतील बैतूल जिल्ह्यांत सातपुड्यांतच उगम पावते. वरूड तालुक्यास लागून, नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यांत तिच्या कांठीं मोवाड हें गांव आहे. ३० जुलै १९९१ रोजीं पहांटे त्या नदीस आलेल्या पुरानें मोवाड उद्ध्वस्त केलें व दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. गांव झोपेंत होतें. नदी वर काय घेऊन येत आहे हें कळविणारी कांहीं सोय असती, तर घरें वाचलीं नसतीं. माणसें मात्र वाचूं शकलीं असतीं. डोंगरकांठच्या प्रत्येक गांवानें ती तारीख विसरूं नये.

काय करावें

प्रथम गांवांगांवांतील निरोपाची व्यवस्था. प्रत्येक नाल्याच्या उगमाजवळ एखादें खेडें, वनखात्याची चौकी किंवा शाळा असते. तेथील दोन जबाबदार व्यक्तींचे व खालच्या प्रत्येक गांवांतील दोन व्यक्तींचे फोन-क्रमांक एकमेकांजवळ लिहून ठेवावेत. वरच्या गांवीं सरळ भिंतींचा एखादा डबा उघड्यावर ठेवून पाऊस मोजावा. अर्ध्या तासांत डब्यांत एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर, पाणी सांचलें तर खालीं निरोप द्यावा, व पाऊस तसाच चालू राहिल्यास दर अर्ध्या तासानें पुन्हां द्यावा. खालच्या गांवानें तो पुढच्या गांवास द्यावा. या कामीं पैसा लागत नाहीं; नियमितपणा मात्र लागतो. मोबाइलचा मनोरा वादळांत बंद पडूं शकतो, म्हणून मंदिरावरील भोंगा किंवा दवंडी हा दुसरा मार्ग ठरवून ठेवावा.

दुसरें, पुलाच्या खांबावर एक-एक फुटाच्या ठळक खुणा रंगवाव्यात, व कोणत्या खुणेस पाणी आलें असतां कोणतें शेत व कोणती वस्ती बुडते, हें जुन्या माणसांस विचारून वहींत लिहून ठेवावें. स्वच्छ पाणी एकाएकीं गढूळ होणें, त्यावर पाला व काटक्या येणें, व वरच्या अंगास घोंघावल्यासारखा आवाज होणें, हीं लोंढ्याचीं अखेरचीं लक्षणें होत. तीं दिसतांच सामानाची आशा सोडून उंचावर जावें. गुडघाभर वेगवान पाणी धट्टाकट्टा मनुष्य पाडतें. पुलावरून पाणी जात असतां बैलगाडी किंवा ट्रॅक्टर घालणें म्हणजे जिवाशीं जुगार होय. धरणाच्या खालच्या गांवांनीं दरवाजे उघडण्याच्या सूचनेकडेही लक्ष ठेवावें.

तिसरें, विजेपासून रक्षण. वीज कडाडत असतां एकट्या झाडाखालीं, विजेच्या खांबाजवळ, तारेच्या कुंपणाजवळ किंवा भिंती नसलेल्या टिनाच्या शेडखालीं उभें राहूं नये. बैल झाडास किंवा तारेस बांधूं नयेत. पंपाच्या स्टार्टरास हात लावूं नये. पक्कें घर जवळ नसल्यास सखल जागीं, पण नाल्यांत नव्हे, पाय जुळवून उकिडवें बसावें, व सर्वांनीं एकत्र न बसतां अंतर ठेवावें. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटल्याशिवाय कामास लागूं नये.

चौथें, पिकांची तजवीज. नारिंगी इशारा असलेल्या दिवशीं गहूं-हरभऱ्याची काढणी करूं नये. काढलेला माल व कुटार उंच जागीं ताडपत्रीखालीं ठेवावें, व ताडपत्रीचीं टोंकें दगडांनीं नव्हे तर दोरांनीं बांधावींत. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या केळीच्या बागांस पश्चिमेच्या बाजूनें शेवरीची दाट ओळ व घडांना टेकू असावेत. संत्र्याची बाग मृग बहाराकरितां ताणावर असेल, तर अवकाळी पावसानें ताण मोडतो. अशा बागेंत उथळ चर आधींच काढून पाणी तत्काळ बाहेर जाईल असें करावें.

कित्येक म्हणतील, 'इशारा पांच वेळां येतो व एकदांच खरा होतो. मग दर वेळीं कोण धांवपळ करणार?' याचें उत्तर वहींतल्या हिशेबानें द्यावें. समजा, माल झांकण्याची मजुरी ५०० रुपये, आणि न झांकल्यास होणारें नुकसान १०,००० रुपये. पांच वेळां झांकण्यास २,५०० रुपये लागले व एकदां वादळ आलें, तरी ७,५०० रुपये वांचले. इशारा वीस वेळांत एकदां खरा झाला तरच जमा-खर्च सारखा होईल. माणसांच्या व जनावरांच्या प्राणांस तर हा हिशेब लागूच पडत नाहीं. तेथें शंभरांत एक इशारा खरा ठरला, तरी नव्याण्णव वेळांची धांवपळ वायां गेली असें कोणी म्हणूं नये.

तात्पर्य, हवामान खातें दिवस व तालुका सांगेल, रडार तास सांगेल. परंतु आपल्या बांधावरचीं शेवटचीं वीस मिनिटें आपणांसच ओळखावीं लागतील, आणि आपल्या नाल्याचे दोन तास डोंगरांतल्या शेजाऱ्यानेंच आपणांस द्यावे लागतील. पायथ्याचे व सपाटीचे लोक बाजारांत भेटतात, सोयरिकी करतात. त्यांनीं येत्या रोहिणीपूर्वीं एकदां बसून पुराच्या निरोपाचीही सोयरीक जुळवावी, व पहिला निरोप कोणी कोणास द्यावयाचा तें त्याच बैठकींत ठरवून उठावें, अशी वाचकांस आग्रहाची विनंति आहे.